नोमोचा चेंडू का बुडतो?

जपानचा नामांकित गोलंदाज हिदेओ नोमो २ मे १९९५ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाकडून प्रथमच खेळला. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ५ डावांत त्याने एकही धाव दिली नाही. त्याचे हुकमी अस्त्र होते फोर्कबॉल. फलंदाजाला वाटे, चेंडू अचानक बुडाला.

खरे काय घडते ते पाहू. वेगवान चेंडूला उलटी फिरकी असते. त्यामुळे हवा त्याला थोडे उचलून धरते. फोर्कबॉल दोन बोटांच्या बेचक्यातून सुटतो. फिरकी कमी, म्हणून आधारही कमी. फलंदाजापर्यंत पोहोचायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात केवळ गुरुत्वाकर्षणाने चेंडू ½ × ९.८ × ०.५ × ०.५, म्हणजे सुमारे १.२ मीटर खाली येईल. म्हणजे फोर्कबॉल जादूने बुडत नाही. वेगवान चेंडूच कमी पडतो आणि आपली नजर त्यालाच सरावलेली असते.