पहिला गिअर टाकताना ‘खट्ट’ का होते?

डिसेंबरातली सकाळ. मालाडमध्ये एका इमारतीच्या आवारात रात्रभर उभी असलेली मोटारसायकल मालक सुरू करतो. हाताने क्लच पूर्ण दाबतो, पायाने पहिला गिअर टाकतो आणि ‘खट्ट’ असा आवाज होऊन गाडी वीतभर पुढे उडी घेते! “गिअरबॉक्स गेला वाटते,” असे म्हणून बिचारा खर्चाचा हिशेब करू लागतो. पण तासाभराने तीच गाडी स्वामी विवेकानंद मार्गावरच्या सिग्नलला थांबते, तेव्हा गिअर अगदी हलकेच पडतो. गाडी तीच, गिअर तोच. मग फरक पडला कशात?

याचे उत्तर आहे क्लचमधल्या तेलात.

मोटारसायकलच्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या चकत्या असतात. मेकॅनिक त्यांना क्लच प्लेटा म्हणतात. एक घर्षण-प्लेट, मग एक पोलादी प्लेट, अशी त्यांची चळत असते. घर्षण-प्लेटा इंजिनबरोबर फिरतात. पोलादी प्लेटा गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेल्या असतात. स्प्रिंगांनी ही चळत घट्ट दाबून धरली, की सगळ्या प्लेटा एकदमच फिरतात आणि इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सला मिळते. तुम्ही क्लच दाबलात, की स्प्रिंगांचा दाब हटतो, प्लेटा सुट्या होतात आणि दोघांची फारकत होते.

फारकत होते खरी, पण किती? समजा, घर्षण-प्लेटा पाच आहेत. प्रत्येकीला दोन बाजू, म्हणजे सांधी झाल्या दहा. क्लच दाबल्यावर सगळी मिळून मोकळीक दीड मिलिमीटर मिळाली, तर एका सांधीच्या वाट्याला येते जेमतेम ०.१५ मिलिमीटर! आणि या चिंचोळ्या फटीत असते तेल. तेलाचा एक थर फिरणाऱ्या प्लेटेला चिकटून फिरतो, तो शेजारच्या थराला ओढतो, आणि शेवटचा थर दुसऱ्या प्लेटेला ओढतो. द्रवाच्या या गुणाला विष्यंदिता म्हणतात. तेल जितके दाट आणि फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त.

आवाज कोठून येतो?

आता गिअरबॉक्समध्ये डोकावू. दातेरी चाके तेथे कायम एकमेकांत अडकलेली असतात. पण गाडी न्यूट्रलमध्ये असताना पहिल्या गिअरचे मोठे चाक आपल्या शाफ्टवर सैल फिरत असते. तो शाफ्ट साखळीने मागच्या चाकाला जोडलेला असल्यामुळे स्थिर असतो. गिअर टाकणे म्हणजे या फिरत्या चाकाला स्थिर शाफ्टशी खुंट्या आणि खाचा अडकवून जखडणे.

क्लच दाबून क्षणभर थांबलात, तर गिअरबॉक्समधल्या तेलाच्या विरोधाने चाक मंद होते आणि खुंट्या हळूच बसतात. पण थंडीत क्लचमधले दाट तेल त्याला फिरवतच ठेवते. मग फिरती खुंटी स्थिर खाचेवर आदळते. हाच तो ‘खट्ट’! तेलाची ओढ शाफ्टमार्फत मागच्या चाकापर्यंत पोचते, म्हणून गाडीही हिसका खाते. शिवाय रात्रभर दबून राहिल्याने प्लेटांमधले तेल बाहेर सरकते आणि प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात, हेही एक कारण.

धावत्या गाडीत दुसरा, तिसरा गिअर टाकताना दोन्ही शाफ्ट फिरतच असतात. वेगातला फरक थोडा, म्हणून आवाजही थोडा.

मग तेल हवेच कशाला?

मोटारीचा क्लच बहुधा कोरडा असतो. मोटारसायकलचा मात्र बहुधा तेलात बुडालेला. संध्याकाळी स्टेशनपासून मार्वे रोडपर्यंतच्या गर्दीत गाडी कशी सरकते ते पाहा: चार पावले पुढे, पुन्हा थांब. प्रत्येक वेळी अर्धवट सोडलेल्या क्लचमध्ये प्लेटा एकमेकींवर घसरतात आणि तापतात. ही उष्णता वाहून नेते ते तेलच. जे तेल संध्याकाळी क्लचला वाचवते, तेच सकाळी त्याला चिकटवते. इंजिन तापले, की तेल पातळ होते. विशीच्या तापमानाला असलेली त्याची विष्यंदिता शंभर अंशांजवळ दहा पटींहून अधिक घटते. म्हणून सिग्नलला गिअर हलका पडतो.

तेव्हा सकाळचा थोडा आवाज हा बिघाड नव्हे. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून दोन-चार किका मारल्या, तर चिकटलेल्या प्लेटा सुटतात. नंतर इंजिन मिनिटभर चालू द्यावे आणि ब्रेक धरूनच गिअर टाकावा. पुढे कोणी उभे असले, तर तो हिसका महागात पडेल. गाडी तापल्यावरही हिसका बसत असेल, तर मात्र क्लचची वायर सैल नाही ना, इंजिनाचा मंद वेग वाढलेला नाही ना, हे तपासायला हवे.

करून पाहा

गिअरची मोटारसायकल चालवायला तुम्हाला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतील. प्रयोगाला मात्र वयाची अट नाही. सपाट ताटात चमचाभर एरंडेल पसरा. त्यावर स्टीलचे सपाट झाकण ठेवून बोटाने फिरवा. आता ताट दुपारच्या उन्हात ठेवा आणि झाकण पुन्हा फिरवा. बोटाला कोणता फरक जाणवला? सकाळचा क्लच आणि दुपारचा क्लच यांतला फरक तोच.