टीव्ही घ्यायचा, पण खोली मोजून

 

आज आपण टीव्हीबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात टीव्ही कशाला, असं कुणाला वाटेल. पण गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी कशाकशासाठी येते ते आठवा. बियाणं, आजारपण, शाळा, घरदुरुस्ती यांच्या पंगतीला आता टीव्हीही येऊन बसला आहे. घरकुल बांधून झालं, मुलगा वापीला नाहीतर बोईसरला कंपनीत लागला, की पहिल्या दिवाळीला मोठा टीव्ही हवा असतो. पंचावन्न इंची, फोर-के, सोबत साउंडबार. घरातच थिएटर!

हौस वाईट नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसानं रात्री चांगलं चित्र पाहावं, चांगला आवाज ऐकावा. पण ही वस्तू काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते, आणि हप्त्याच्या कागदावर सही पुष्कळदा बाईची असते. सही आपली असेल तर निवडही आपल्याला कळली पाहिजे. आमचं सांगणं एवढंच आहे की टीव्ही दुकानात पाहून ठरवू नका. आपली खोली, आपली भिंत, आपली वीज आणि आपला हप्ता पाहून ठरवा.

आधी टेप घ्या

घरकुलाचं कमीत कमी क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा. बोईसर-पालघरला मुलं भाड्यानं राहतात त्या खोल्याही याहून फार मोठ्या नसतात. म्हणजे टीव्हीची खोली दहा बाय बारा धरली तरी खूप झालं. दुकान मात्र ऐसपैस असतं. तिथं पंचावन्न इंची टीव्हीसुद्धा लहान दिसतो, आणि घरी आणला की सगळी भिंत खाऊन टाकतो.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. ३२ इंच म्हणजे ८० सेंटिमीटर, ४३ म्हणजे १०८ आणि ५५ म्हणजे जवळपास १४०. खोक्यावर हे सेंटिमीटर छापलेले असतात. रुंदीत पाहिलं तर ५५ इंची टीव्ही सुमारे चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असतो. ४३ इंची टीव्ही तीन फुटांहून थोडा जास्त रुंद आणि पावणेदोन फूट उंच असतो. या मापाचे जुने वर्तमानपत्राचे कागद चिकटवून जोडा आणि भिंतीवर लावा. दोन दिवस तसेच राहू द्या. दार उघडताना अडतं का, देवाचा कोनाडा झाकतो का, फळीवरची भांडी कुठे जातील, हे सगळं पैसे देण्याआधीच कळेल.

आता बसायचं अंतर. फोर-के चित्र खरोखर फोर-के असेल, तर तिरप्या मापाच्या दीडपट अंतर पुरतं. ४३ इंचाला साडेपाच फूट, ५५ इंचाला सात फूट. पण चित्र साधं असेल तर जवळून ते फिसकटलेलं दिसतं. तिथं तिप्पट अंतर धरा. ३२ इंचाला आठ फूट, ४३ इंचाला पावणेअकरा फूट. खोलीत आपण भिंतीला टेकून बसतो तिथून टीव्हीपर्यंत किती फूट आहेत, ते मोजून कागदावर लिहा. दुकानात जाताना तो कागद पिशवीत असू द्या.

त्यावर पाहणार काय?

हा प्रश्न दुकानदार सहसा विचारत नाही. आपल्याकडे कितीतरी घरांवर डीडी फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा घ्यायचा, मग दरमहा पैसे नाहीत. सेवा उत्तम आहे, पण त्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या चित्राच्या असतात. साधं चित्र ५७६ ओळींचं असतं आणि फोर-के पडदा २१६० ओळींचा. उरलेल्या ओळी टीव्ही अंदाजानं भरतो. दोघांपुरतं वरण आठ माणसांना वाढायचं तर पाणी घालावं लागतं, तसंच हे. भांडं मोठं असलं म्हणून वरण घट्ट होत नाही.

फोर-के चित्र इंटरनेटवरून येतं. त्याला तासाला सुमारे ७ जीबी डेटा लागतो. त्याखालच्या एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत जातो. मोबाइलचा पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा असेल तर एक सिनेमासुद्धा पुरा होणार नाही. म्हणून घरात वायरचं किंवा वायफायचं इंटरनेट असेल, ते दर महिन्याला भरायची तयारी असेल, तरच फोर-केसाठी जास्तीचे पैसे मोजा. फक्त फ्री डिश पाहायची असेल तर ३२ इंची चांगला टीव्ही छोट्या खोलीला पुरेसा आहे.

खोक्यावरचे शब्द

एलईडी टीव्ही म्हणजे पुढे रंग दाखवणारी काच आणि मागे दिवे. क्यूएलईडी हाही तोच प्रकार, फक्त मध्ये बारीक कणांचा एक थर असतो, त्यानं रंग उठून दिसतात आणि उजेड वाढतो. मिनी एलईडीत मागचे दिवे खूप बारीक आणि खूप जास्त असतात, म्हणून अंधाराच्या जागी ते कमी करता येतात. ओएलईडी मात्र वेगळा. त्यात मागे दिवा नसतोच. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. म्हणून त्यातला काळा रंग अमावस्येच्या रात्रीसारखा काळा दिसतो.

यातला भारी कोणता? रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्याला ओएलईडी. पण तो महाग असतो, साधारण ४२ इंचांच्या पुढेच मिळतो, आणि वाहिनीचं एकच चिन्ह रोज तासन्‌तास एका जागी राहिलं तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. आपल्या घरी दिवसा दार उघडं, अंगणातलं ऊन थेट आत, आणि टीव्हीवर दिवसभर एकच वाहिनी. अशा घराला चांगला क्यूएलईडी किंवा मिनी एलईडी जास्त मानवतो. टीव्ही दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावू नका, नाहीतर पडद्यात अंगणच दिसेल.

१२० हर्ट्झ हा शब्दही ऐकू येईल. सेकंदाला पडदा किती वेळा चित्र बदलतो, त्याचा तो आकडा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचाच असतो, तेव्हा मालिका-सिनेमाला ६० हर्ट्झ पुरतं. मोठा आकडा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या कामाचा.

हातात ठरावीक रक्कम असेल आणि खोली छोटी असेल, तर इंच कमी करा आणि चित्राचा दर्जा वाढवा. त्याच पैशांत येणाऱ्या हलक्या ५५ इंचापेक्षा चांगला ४३ इंची टीव्ही डोळ्यांना सुखाचा.

दुकानात टीव्हीवर फुलं, पक्षी, समुद्र असं लखलखीत चित्र लावलेलं असतं. ते बंद करायला सांगा. बातम्यांची साधी मराठी वाहिनी लावून घ्या. अंधारातला एखादा प्रसंग पाहा, त्यात माणसांचे चेहरे कळतात का? बाजूला सरकून पाहा, रंग फिके पडतात का? घरी सगळे समोर बसत नाहीत, कुणीतरी चुलीपाशी कोपऱ्यातच असते.

आवाज

टीव्ही बारीक झाले तसे त्यांचे स्पीकरही बारीक झाले, आणि ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. छप्पर पत्र्याचं असेल तर पावसात काहीच ऐकू येत नाही. छोट्या खोलीला एक साधा साउंडबार भरपूर होतो. पाच-सात स्पीकरांचा संच लावायला भिंतीही नाहीत आणि जागाही नाही. टीव्हीच्या मागे ‘एचडीएमआय एआरसी’ लिहिलेली खाच आहे ना, एवढं पाहून घ्या. तिच्यात साउंडबारची वायर लावली की एकाच रिमोटवर दोन्ही चालतात. आणि पातळ भिंतीपलीकडे शेजारीण झोपते, शेजारच्या घरात दहावीचा मुलगा अभ्यासाला बसतो, हेही लक्षात असू द्या.

भिंत, भूकंप आणि वीज

कारवीच्या कुडाच्या भिंतीवर टीव्ही टांगू नका, ती वजन पेलणार नाही. तिथं खाली रुंद, जड टेबल बरं. विटांच्या भिंतीवरही स्क्रू नुसत्या गिलाव्यात नको, विटेत खोल गेला पाहिजे. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. धुंदलवाडीचं नाव तेव्हापासूनच महाराष्ट्रभर झालं. म्हणून लहान मुलं झोपतात त्या जागेच्या डोक्यावर टीव्ही नको. टेबलावर ठेवला तर मागून पट्ट्यानं भिंतीला बांधा.

उंचीचंही पाहा. आपण चटईवर बसतो. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर असतात. बसवायला आलेला माणूस उभ्यानं मोजतो आणि टीव्ही पाच फुटांवर ठोकतो. मग रोज मान वर. पडद्याचा मध्य तीन-साडेतीन फुटांवर राहील असं त्याला सांगा.

पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात वीज कडाडते. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा आणि छत्रीची वायरही काढा. नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरला हात लावू नका. घराला अर्थिंग नीट आहे का, तेही वायरमनकडून पाहून घ्या.

बिलाचा हिशेब सोपा आहे. १०० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट. ५० वॅटचा असेल तर साडेसात. महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या वर गेलेल्या युनिटांना दर जास्त लागतो. आपलं बिल ९५ युनिटांचं असेल तर मोठा टीव्ही त्या रेषेपलीकडे नेईल. खोक्यावरच्या स्टारच्या चिठ्ठीवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, दोन टीव्हींचे आकडे शेजारी ठेवून पाहा.

हप्ता आणि गट

आधी एक चांगली गोष्ट. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे.

आता ‘झिरो टक्के व्याज’. हिशेबासाठी आकडे धरू. टीव्ही ३०,००० रुपयांचा, ३,००० चे दहा हप्ते, वर ७०० रुपये फाइलचे. एकूण ३०,७००. तोच टीव्ही रोखीनं २८,५०० ला मिळतो. म्हणजे २,२०० रुपये जास्त गेले, फक्त त्याला व्याज म्हटलं नाही.

समजा आपल्याकडे ८,५०० आहेत आणि गटातून २०,००० घेतले, दहा महिन्यांत फेडायचे. महिना एक टक्क्यानं, उरलेल्या रकमेवर, व्याज होतं १,१००. टीव्ही पडला २९,६०० ला. गटाचा दर दोन टक्के असेल तर व्याज २,२००, आणि टीव्ही पडला ३०,७०० ला, म्हणजे दुकानातल्या हप्त्याइतकाच. पण हे २,२०० गटाच्याच पेटीत राहिले.

तरीही गटानं आधी विचार करावा. पेरणी, शाळा उघडण्याचे दिवस, दवाखाना यांचा हक्क पहिला. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरानं बारा महिन्यांचा हप्ता डोक्यावर घेऊ नये. घराला कुलूप, टीव्ही आत, आणि हप्ता मात्र मागे मागे. हप्ता थकला तर दंड लागतो, आणि जिच्या नावावर कर्ज तिच्या नावावर ती नोंद राहते. पुढे शिलाई मशीन किंवा शेळ्यांसाठी बँकेत गेलं की बँक तीच नोंद उघडून पाहते.

बिल पक्कं घ्या. त्यावर मॉडेल नंबर, तारीख, दुकानाचा शिक्का हवा. वॉरंटीत पडदा किती वर्षं धरला आहे, दुरुस्तीला माणूस डहाणूपर्यंत येतो की टीव्ही आपणच न्यायचा, हे आधी विचारा. टीव्हीवर बीआयएसची खूण आहे का पाहा. मोठ्या कंपनीसारखं नाव लावलेले जुळवलेले टीव्ही बाजारात येतात, त्यांपासून जपा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

येत्या बैठकीत टीव्हीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला एवढे प्रश्न विचारा. बसायची जागा टीव्हीपासून किती फुटांवर? फ्री डिश की इंटरनेट? भिंत कुडाची की विटांची? कामाच्या नसलेल्या महिन्यांत हप्ता कुठून येणार? आणि शेवटचा प्रश्न, हप्ता ताई भरणार तर रिमोट कुणाच्या हातात राहणार? हसू येईल, पण उत्तर घरी बसून नक्की ठरवा. संध्याकाळचा एक तास मुलांच्या अभ्यासाचा आणि एक तास आपल्या पसंतीचा ठरला, तरच तो टीव्ही सगळ्या घराचा.

पुढच्या भागात आपण घरकुलातल्या वायरिंगबद्दल आणि अर्थिंगबद्दल बोलू. तोवर टेप शोधून ठेवा. नमस्कार.