०२० म्हणजे सोळा

पुण्याचा एसटीडी कोड ०२०, मुंबईचा ०२२, नाशिकचा ०२५३. हे आकडे सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये जसेच्या तसे संख्या म्हणून लिहिले, तर संगणक त्यांच्या किमती अनुक्रमे १६, १८ आणि १७१ अशा धरतो. (कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अंक वापरावे लागतात.) सहसा कसलीही तक्रार होत नाही, प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि चुकीची संख्या पुढच्या हिशेबात जाऊन बसते. गोव्याचा ०८३२ लिहिला तर मात्र कंपायलर अडतो, ही संख्या अवैध आहे म्हणतो. कारण सीच्या नियमानुसार शून्याने सुरू होणारी पूर्ण संख्या अष्टमान पद्धतीतली मानली जाते आणि अष्टमानात ८ हा अंकच नसतो. ०२० मधला २ दशकांचा नाही, तो आठांचा: दोन आठे सोळा. गोव्याची चूक जागेवर पकडली जाते, पुण्यामुंबईची निसटते, आणि माझ्या मते या चिन्हपद्धतीचा खरा दोष या निसटण्यातच आहे.

प्रोग्रॅमिंगची भाषा दुर्बोध चिन्हांनी भरलेली असते, ही सर्वसामान्य तक्रार आहे. पण दुर्बोध असणे आणि फसवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोळाच्या पटीत मोजणाऱ्या षोडशमान पद्धतीत संख्येआधी शून्य आणि एक्स लिहितात. ‘०एक्स१एफ’ म्हणजे एक सोळा अधिक पंधरा, अर्थात ३१. नवख्या माणसाला यातले काही कळत नाही, पण आपल्याला कळलेले नाही एवढे तरी त्याला नक्की कळते. तो थांबतो, विचारतो, शोधतो. ०१० पाहून कोण थांबेल? शाळेत पहिलीपासून शिकलेले गणित सांगते की डावीकडच्या शून्याने किंमत बदलत नाही, हे दहाच आहेत. वाचणारा पूर्ण खात्रीने चुकतो. म्हणून अनोळखी चिन्हापेक्षा ओळखीचा चेहरा घेऊन आलेले वेगळ्या अर्थाचे चिन्ह कितीतरी अधिक घातक असते.

हा नियम कुणा अडाण्याने केलेला नाही. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ‘बी’ ही भाषा रचली तेव्हा त्यांच्यासमोर पीडीपी-७ हा संगणक होता. त्याचा एकेक शब्द १८ बिटांचा. तीन बिटांचा एक अष्टमान अंक होतो, म्हणजे १८ बिट बरोबर सहा अंकांत मावतात. यंत्राच्या पोटात काय आहे हे सतत पाहणाऱ्यांसाठी अष्टमान ही रोजची लिपी होती आणि तिची खूण टंकायला एका शून्यापुरतीच असावी, हे त्या काळी रास्त होते. डेनिस रिची यांच्या सीमध्ये १९७० च्या दशकात तोच नियम उतरला. पुढे आठ बिटांची बाइट सर्वत्र रुजली. आठाचे तिनांत सारखे भाग पडत नाहीत, चारांत पडतात. त्यामुळे एका बाइटला दोन षोडशमान अंक पुरतात आणि अष्टमानाची गरज बहुतेक ठिकाणी संपली. गरज गेली, शून्य मागे राहिले.

ते राहिले आणि पसरले. सीचा ठसा असलेल्या जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांत ते आले. जावास्क्रिप्टच्या जुन्या, सैल नियमांत तर ०१७ ची किंमत १५ आणि ०१८ ची १८ होते, कारण ८ दिसताच भाषा मुकाट्याने दशमानावर येते! युनिक्समधल्या बॅश या आज्ञाभाषेत तारखेतून महिना घेऊन त्यावर थेट गणित करणारा प्रोग्रॅम जानेवारीपासून जुलैपर्यंत बिनतक्रार चालतो, कारण ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच. ऑगस्टात ०८ आला की तो मोडतो, सप्टेंबरातही मोडतो, आणि ऑक्टोबरात १० आल्यावर पुन्हा शहाण्यासारखा वागू लागतो. सात महिने कसोटीला उतरलेल्या कोडमध्ये दोष असेल अशी शंका तरी कुणाला येणार?

यावर पहिला आक्षेप असा की एसटीडी कोड ही मुळात संख्याच नाही, तो अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहायला हवा. हे अगदी बरोबर आहे. पण चूक करणाऱ्याला तिची जाणीव करून देणे हे भाषेचे काम आहे आणि इथे ती गप्प बसते. शिवाय तीन अंकी आकडे एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून ०२५ लिहिणारा माणूस खरोखर संख्याच लिहीत असतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: नियम माहीत असलेला चुकत नाही. तसे असते तर मोटारींमधल्या सॉफ्टवेअरसाठी तज्ज्ञांनीच बनवलेल्या ‘मिस्रा सी’ या नियमावलीने अष्टमान संख्या वापरण्यास मनाई केली नसती. अष्टमान जिथे आजही सोयीचे आहे तिथेसुद्धा ही खूण दगा देते. युनिक्समध्ये फाइलचे हक्क मालक, गट आणि इतर अशा तिघांना प्रत्येकी तीन बिटांत दिलेले असतात, म्हणून ७५५ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. आज्ञा म्हणून टंकताना ७५५ चालते. सी प्रोग्रॅममध्ये मात्र ०७५५ लिहावे लागते. शून्य विसरले तर दशमान ७५५ चे अष्टमानात १३६३ होतात आणि मालकालाच आपली फाइल वाचण्याचा हक्क उरत नाही. इंटरनेटच्या पत्त्यांत तर प्रश्न सुरक्षेचा झाला. ०१७७.०.०.१ हा पत्ता तपासणाऱ्या प्रोग्रॅमने १७७ ने सुरू होणारा बाहेरचा पत्ता म्हणून वाचला आणि जोडणी करणाऱ्याने अष्टमान धरून १२७.०.०.१, म्हणजे खुद्द त्याच संगणकाचा पत्ता म्हणून वाचला, तर पहारा निरर्थक ठरतो. पायथनच्या पत्ते वाचणाऱ्या लायब्ररीत याच जातीची त्रुटी २०२१ मध्ये नोंदवली गेली आणि शून्याने सुरू होणारे भाग नाकारून ती दुरुस्त झाली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: जगभर कोट्यवधी ओळींचा जुना कोड आहे, नियम बदलला तर तो बिघडेल. अर्थ गुपचूप बदलला तर नक्कीच बिघडेल. म्हणूनच २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने घेतलेला निर्णय मला मोलाचा वाटतो. तिथे ०१० म्हणजे आठही नाहीत आणि दहाही नाहीत. ती सरळ चूक आहे. अष्टमान हवे असेल तर शून्यापुढे ‘ओ’ हे अक्षर लिहायचे. जुना कोड थांबतो, पण खोटे उत्तर देत नाही. रस्ट या नव्या भाषेने ०१० ला दहा मानले. शाळेच्या गणिताशी ते जुळते, तरी सीमधून येणाऱ्याच्या मनात संशय उरतोच. गो भाषेने २०१९ मध्ये नवी खूण घेतली आणि जुनीही ठेवली, त्यामुळे सापळा तसाच राहिला.

रुळलेल्या चिन्हाचा अर्थ बदलणे असे अवघड असते; याउलट काल जे लिहिणे चूक होते, त्याला आज अर्थ दिला तर कुणाचाही चालता कोड मोडत नाही. लांबलचक संख्येत अधोरेषा घालून गट पाडण्याची सोय जावाने २०११ मध्ये आणि पायथनने २०१६ मध्ये अशीच दिली. गट नेमके कुठे पाडायचे याची सक्ती दोघांनीही केलेली नाही, त्यामुळे आपल्या सवयीप्रमाणे दहा लाख १०_००_००० असे लिहिता येतात, मिलियनच्या हिशेबाने १_०००_००० असेही लिहिता येतात, आणि किंमत दोन्हीकडे तीच राहते.