देवमाशाच्या कमरेची हाडे
निडी-रोहा भागातली कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याला जून 2015 मध्ये अवाढव्य देवमासा किनाऱ्याला लागला होता. देवमासा मासा नव्हे. फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा प्राणी. त्याचे पूर्वज जमिनीवरचे. मात्र ‘पाणघोड्याचा देवमासा झाला’ हा समज बरोबर नाही. ती चुलत भावंडे म्हणावीत: आजोबा एक, घरे वेगळी. उत्क्रांती (पिढ्यान्‌पिढ्या साचत जाणारा बदल) एकट्यादुकट्या प्राण्यात घडत नाही. जम्मूतल्या कालाकोटचा, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा इंडोहायस हा देवमाशांचा जवळचा नातलग. अंगाने मांजराएवढा, पायांना खूर. पण कानाचे जाड हाड थेट देवमाशासारखे! आजच्या देवमाशातही कमरेची दोन लहान हाडे उरली आहेत. कण्याला न जोडलेली ही हाडे निरुपयोगी नाहीत. जननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच धरून असतात.