दागिने मोडण्याआधी रेशनकार्ड काढा

घरात मोठे आजारपण आले की आपल्याकडे आधी दागिने मोडले जातात, मग उसनवारी आणि शेवटी मोहल्ल्यात वर्गणी. रुग्ण घरी परतल्यावर कोणीतरी विचारते, "योजनेत का नाही केलंत?"

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून महाराष्ट्रातील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही आता फुले योजना लागू आहे. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस त्यात येतात. मात्र रुग्णालय योजनेतील हवे आणि मंजुरी उपचारापूर्वी हवी. म्हणून दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे.

आपली खरी अडचण कागदांची. सुनेचे आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. कुठे 'बी', कुठे 'बेगम'. नातवाचे नाव चढवलेलेच नाही. ही दुरुस्ती आजारपणात होत नाही.

या जुम्याला नमाजनंतर घरी बसून सगळ्यांची नावे ताडून पाहू या. शेजारच्या बेवा खालांचे कार्डही पाहू या. मग वर्गणीचा पैसा ज्यांचा आजार योजनेत बसत नाही, त्यांच्यासाठी उरेल.