बाघचाल : बकऱ्यांच्या बाजूने

काठमांडू-पाटणच्या दुकानांत बाघचाल या खेळाचे चकचकीत पितळी संच पर्यटकांसाठी मांडलेले असतात. खेळायला मात्र त्यांची गरज नाही. नेपाळात वाटसरूंना टेकायला वडा-पिंपळाखाली चौतारी बांधलेली असते. तिच्यावर कोळशाने रेघा ओढल्या, खडे गोळा केले की डाव सुरू. या खेळाची भावंडं आपल्याकडेही आहेत. वाघ-बकरी आपण ऐकलेली असते, आणि तमिळनाडूत त्रिकोणी पटावर 3 वाघ विरुद्ध 15 बकऱ्या असा सामना रंगतो.

नेपाळी पट चौकोनी. कडा धरून पाच आडव्या, पाच उभ्या रेघा आखायच्या, दोन्ही कर्ण काढायचे आणि चारही कडांचे मध्य तिरक्या रेघांनी जोडायचे. रेघा जिथे मिळतात ते 25 बिंदू, आणि सोंगट्या त्यांवरच बसतात. यातल्या 12 बिंदूंवरून तिरकी रेघ जातच नाही, त्यामुळे तिथून तिरकं सरकताही येत नाही. नवख्यांची भांडणं बहुधा इथेच होतात.

चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. वीस बकऱ्या पटाबाहेर. पहिली खेळी बकरीवाल्याची. तो एक बकरी रिकाम्या बिंदूवर ठेवतो, मग वाघाची एक चाल. वीसही बकऱ्या उतरेपर्यंत पटावरची एकही बकरी हलवायची नाही. वाघ शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकतो किंवा लगतच्या बकरीवरून सरळ रेघेत पलीकडे उडी मारतो. पलीकडचा बिंदू रिकामा असेल तरच उडी, आणि एका चालीत एकच बकरी. पाच मारल्या की वाघ जिंकले. चारही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या.

पोरं वाघ घ्यायला धडपडतात. माझ्या मते खरं डोकं लागतं ते बकऱ्या खेळायला. पहिली बकरी कुठे ठेवाल? कोपऱ्यालगत ठेवली तर वाघ लगेच मारतो. कडेच्या मध्यावर ठेवा; तिच्या शेजारी कुठलाच वाघ नसतो, आणि कडेवरची बकरी फक्त कडेच्याच रेघेवरून मारता येते. समजा वाघ कोपरा सोडून तिच्या डाव्या बाजूला आला. आता उजवीकडच्या रिकाम्या बिंदूवर दुसरी बकरी ठेवायची. पहिलीवरून उडी मारायला जागा उरत नाही, आणि उजव्या कोपऱ्यातल्या वाघाला दुसरीवरून उडी मारावी तर पलीकडे पहिली बसलेली. दहीहंडीच्या थरासारखं एकीने दुसरीला धरून ठेवायचं. पटाच्या मध्यबिंदूवर घुसायची घाई करायची नाही. तिथे आठही दिशांनी धोका.

हिशेब पाहा : 20 बकऱ्या आणि 4 वाघ मिळून 24. एकही बकरी न गमावता सगळ्या उतरल्या तर पटावर एकच बिंदू रिकामा राहतो. मग बकऱ्यांना सरकायला जेमतेम तेवढीच जागा उरते. म्हणून मुरलेला खेळाडू कधीकधी एखादी बकरी मुद्दाम देतो आणि वाघाला आडबाजूला ओढून घेतो.

वाघांनी कोपरे लवकर सोडावेत आणि एकमेकांच्या वाटा अडवू नयेत. फार काही सांगण्यासारखं त्या बाजूला नाही.

लिम यू जिन आणि युर्ग निव्हेरगेल्ट या संगणकतज्ज्ञांनी हा खेळ पूर्ण पिंजून काढला. दोघेही बिनचूक खेळले तर निकाल बरोबरीचा लागतो. घरी तेवढं अचूक कुणी खेळत नाही, म्हणून दोन डाव खेळावेत, बाजू बदलून. दोघेही बकऱ्यांच्या बाजूने एकेक डाव जिंकले तर ज्याच्या वाघांनी जास्त बकऱ्या खाल्ल्या तो सरस.