बोचिया: बसून खेळा, नेम धरा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठी आखलेला बोचिया १९८४पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ऑलिंपिकमध्ये तो नाही. मैदान १२.५ मीटर लांब, ६ मीटर रुंद. आधी पांढरा चेंडू टाकायचा, मग एकाने सहा लाल, दुसऱ्याने सहा निळे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ पोचवायचे. लहानपणी गोट्या खेळलेल्यांना यापुढे काही सांगायला नको.

चेंडू हाताने टाका, नाहीतर पायाने ढकला. ‘बीसी ३’ गटातले खेळाडू तो उतरत्या पन्हळीवरून सोडतात. हात साथ देत नसेल तर डोक्याला बांधलेल्या काठीने. पन्हळ हलवणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो आणि डाव सुरू असताना त्याला वळून पाहता येत नाही. डावपेच सगळे खेळाडूचेच. इतका नेमका नियम क्वचितच सापडतो!

बोचियात धाप मात्र फारशी लागत नाही. म्हणून जोडीला पोहणे किंवा तीनचाकी सायकल हवी. ताकदीच्या व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढतो, ही जुनी समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीतली बैठक आणि पट्टे तेवढे तपासून घ्या.